मामाच्या निऱ्या

आमच्या घरात साडीच्या निऱ्या मला मामानं शिकवल्या. हसू नका, खरंच सांगते!

अकरावीच्या मुलींनी साडी नेसूनच शाळेत यायचं, असा आमच्याकडे नियम. मला आई नाही. वडील कोपरगावला साखर कारखान्यावर, म्हणून मी सोनईत रंगनाथमामाकडे राहते. चांगुणामामी तर दिवाळीनंतर जामखेडला माहेरी निघून गेली ती गेलीच. मग नेसवणार कोण? मामानं साडीचं टोक हातात घेऊन भराभर निऱ्या घालून दाखवल्या. म्हणाला, "राहे, आंगठा जागचा हलू द्याचा न्हाई."

निऱ्यांत मामाचा हात पक्का. तो पलटणीच्या बँडमध्ये मशक, म्हणजे कातडी पिशवीचा फुंकायचा बाजा, वाजवायचा आणि तिथं बँडवाल्यांना पँटऐवजी किल्ट असे. गुडघ्यापर्यंतचा, चौकटीच्या लोकरी कापडाचा, मागं निऱ्याच निऱ्या. नोकरी संपवून मामा गावी आला, पण किल्ट काही सोडला नाही. पिठाच्या गिरणीत किल्ट, बाजारात किल्ट, रानात किल्ट. पहिला विरला तेव्हा शिंप्याकडून तसाच दुसरा शिवून घेतला. रोज सकाळी तांब्यात निखारे भरून तो एकेक निरी दाबून काढतो.

"आला रं घागरा!" चहाच्या टपरीपुढच्या बाकावरून छगन ओरडतो. "रंगनाथराव, परकराची नाडी घट बांधलीय ना? वारं सुटलंय!"

बाक खदाखदा हसतो. मामा उभ्यानंच चहा पितो. बाकावर त्याला जागा कुणी देत नाही.

"कशाला घालतोस रे?" मी एकदा विचारलं.

"पायाला वारा लागतो. चालताना झुलतो. बरं वाटतं. बास."

मामीला मात्र बरं वाटत नव्हतं. "शिमग्याचं सोंग रोज कुनी घेतं का? त्यो सोडा, न्हाईतर मी चालले," ती म्हणाली. मामानं सोडला नाही. ती गेली.

यंदा मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. पोरांनासुद्धा हरवलं! मग मामीला पटवणं काय अवघड? रविवारी मी साडी नेसून जामखेडला निघाले. "संध्याकाळच्या गाडीनं मामीला घेऊनच येते," मामाला सांगितलं.

तो एवढंच म्हणाला, "तिला म्हनावं, ज्वारी दळून ठिवलीय."

मामी गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी शेजारी बसून भाषण ठोकलं, हातवाऱ्यांसकट. मामा किती गप्प झालाय, चुलीपाशी एकटाच कसा बसतो, सगळं सांगितलं. तिचा हातोडा चालूच.

"अजून घालतो?"

"हो."

"बाजारात बी?"

"हो."

मग तिची नजर माझ्या साडीवर गेली. "तुला कुनी नेसवली गं?"

"मामानं शिकवलं."

तिनं धुळीचा हात पदराला पुसला आणि माझ्या निऱ्या हलकेच बोटांत धरल्या. "माझ्यापरीस बऱ्या घातल्यात," म्हणाली आणि सोडून दिल्या.

"मामी, चल ना."

"हितं उन्हात मरते, राहे. पर मला कुनी हसत न्हाई."

तिनं हातोडा उचलला. तालुक्याला पहिली आलेली मी उठले, साडीवरची धूळ झटकली आणि एकटीच स्टँडकडे निघाले.

गाडी सोनईला आली. स्टँडवर मामा दिसेना. मग दिसला. पँटमध्ये! ट्रंकेत वर्षानुवर्षं पडलेली, घड्यांच्या रेघा उमटलेली, पोटावर न मावणारी पँट. दाढीसुद्धा केली होती. माझ्यामागून माणसं उतरत राहिली. गाडी रिकामी झाली, कंडक्टरनं दार लावलं, तरी मामा दाराकडेच बघत होता.

"गर्दी व्हती का गाडीला?" त्यानं विचारलं.

"होती."

टपरीपाशी आलो तर छगन चक्क बाजूला सरकला. "या की रंगनाथराव, बसा!"

मामा बसला. पाण्याच्या टँकरच्या गप्पा निघाल्या. कुणी हसलं नाही. कुणीतरी त्याला बिडीसुद्धा दिली. किती दिवस मला हेच हवं होतं! पण मामा गुडघे जुळवून, परक्याच्या लग्नात आल्यासारखा बसला होता आणि मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

सकाळी तांब्या फळीवरच होता. मामा पँट घालून उंबऱ्यात बसलेला. मला राहवेना. मी चुलीतले निखारे तांब्यात भरले, घोंगडीवर किल्ट पसरला आणि दाबायला लागले.

मागून आवाज आला, "कडंची निरी चुकली."

"मग दाखव की!"

तो आला. खाली बसला. माझ्या अंगठ्यावर त्यानं स्वतःचा अंगठा ठेवला. "हा हलू द्याचा न्हाई."

मी शाळेला निघाले तेव्हा मामा टपरीपाशी होता. किल्ट मागं छान झुलत होता. "आला रं घागरा!" छगन ओरडला. बाकावर कुणी सरकलं नाही. मामानं कप घेतला आणि उभ्यानंच चहा प्यायला.