घोरणारा राक्षस

राक्षसाचं शेपूट कंबरेत घट्ट होत होतं, म्हणून बाबा ते उसवत बसले होते.

"श्वास घे," तोंडात टाचण्या धरून ते म्हणाले.

"घेतेय."

"पोट आत ओढू नकोस. राक्षस काय उपाशी असतो?"

कात्रीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. शिंप्याची पोर आणि जिभेला धार, म्हणून घरात तिला कात्री म्हणत. हल्ली या घरात शिलाई मशीन सोडून कुणी फारसं बोलत नसे.

शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीचं नाटक होई. ते मुख्याध्यापिकेनं लिहिलेलं, आणि मुख्याध्यापिका म्हणजे बाबांची थोरली बहीण, कात्रीची आत्या. नाटकात व्यसनाचा लाल राक्षस यायचा, चांगल्या मुलाला हात लावायचा आणि चांगला मुलगा जागच्या जागी जीभ बाहेर काढून मरायचा. टाळ्या. कात्रीचा दादा सलग तीन वर्षं असा मेला होता, इतका छान की त्याला ढाल मिळाली. मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी तो खरोखरच मेला. तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.

कशानं गेला, असं कुणी विचारलं की घरातून उत्तर यायचं, "हृदय." घराण्यात हा आजार कुणालाच नव्हता. आत्यानंच तो मापानं बेतून आणला आणि मेलेल्या पोराच्या अंगावर चढवला. इतका चपखल बसला की कुणी उसवून बघितला नाही. आई तो शब्द ऐकला की उठून आत जायची. बाबांना मात्र तेव्हापासून घोरणं सोसत नसे. मामा एकदा दुपारी आडवे झाले आणि घोरू लागले, तर बाबांनी त्यांना गदागदा हलवून उठवलं आणि मशीनवर जाऊन बसले. मामा आता जेवायला येतात, झोपायला नाही.

आत्या वेश बघायला आली. शिंगं हलवून पाहिली.

"वाक्यं बदलायची नाहीत."

"वाक्यच एक आहे. 'हा हा हा.'"

"तेच नीट म्हण."

"आत्या, हात लागला की पोरगा मरतो, हे खोटं आहे. दादा नशेच्या पहिल्या गोळीनं मेला नव्हता. घरी येऊन जेवला, गणितं सोडवली, तीही बरोबर आली. मला म्हणाला, 'आत्याचं सगळंच खोटं निघालं गं.' मग तुझ्या बोलण्यात जे खरं होतं, तेही त्याला खोटंच वाटलं."

"थोबाड बंद कर! त्याला हृदय होतं."

"हृदय सगळ्यांनाच असतं, आत्या. निदान बहुतेकांना."

"अरे, आवर तुझ्या कार्टीला! पोरांना असलं सांगत बसलं तर उद्या करून बघतील."

"त्यानं न सांगताच बघितलं की."

बाबांनी मशीन जोरात चालवलं. सुईखाली कापडच नव्हतं.

"एक शब्द इकडचा तिकडे झाला," आत्या दारातून म्हणाली, "तर दहावीला या शाळेतून कशी बसतेस ते बघते."

नाटकाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. यंदा मुलग्यांतलं कुणी मरायला तयार नव्हतं, म्हणून आठवीतल्या एका मुलीला मिशा काढून चांगला मुलगा केलं होतं. बाबा सुई-दोरा घेऊन कडेला उभे होते, शेपूट सुटलंच तर असावेत म्हणून.

राक्षस आला. चांगला मुलगा मान पुढं करून वाट बघू लागला. पण राक्षसानं त्याला हात लावलाच नाही. तो माईकजवळ बसला आणि घोरू लागला.

पोरं खदखदून हसली. मागच्या रांगा उलट घोरू लागल्या. आत्या विंगेतून दातओठ खात म्हणाली, "हा हा हा म्हण!" चांगला मुलगा कंटाळून स्वतःहूनच मेला. राक्षस घोरतच राहिला. ओलसर, घशात अडकणारं घोरणं. मध्ये खंड. पुन्हा एकदा. मग त्याहून मोठा खंड.

हसू हळूहळू विरलं.

"पुरे," बाबा म्हणाले. ते मंचावर कधी चढले, कुणाला कळलं नाही. "पुरे कर, बाळा."

मग ते सभागृहाकडे वळले. "हा आवाज मी ऐकलाय. त्या रविवारी. मला वाटलं, पोरगं दमलंय, गाढ झोपलंय. मी दार ओढून घेतलं. त्याची झोपमोड नको, म्हणून त्या दुपारी मशीनही चालवलं नाही."

आत्यानं माईक बंद करायला लावला. पण आता टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

"हृदय नव्हतं. गोळ्या खाल्ल्या होत्या त्यानं. श्वास बंद पडत होता आणि मी बाहेर चवड्यांवर चालत होतो."

मेलेल्या चांगल्या मुलानं डोकं वर केलं. "मग काय करायचं असतं, काका?"

बाबांनी कात्रीकडे पाहिलं. तिनं मुखवटा काढला आणि उत्तर दिलं.

"हलवून उठवायचं. उठला नाही तर कुशीवर वळवायचं आणि लगेच अँब्युलन्स बोलवायची. डॉक्टरांना काय खाल्लंय ते खरं सांगायचं. मार बसेल, शाळेतून काढतील, म्हणून गप्प बसायचं नाही. मार सोसता येतो."

"पडदा!" आत्या किंचाळली. "आणि तू उद्यापासून शाळेत पाय ठेवायचा नाहीस!"

पडदा पडला. पण बाबा आणि कात्री पडद्याच्या अलीकडेच राहिले. समोर एक हात वर झाला. मग दुसरा. मग रांगाच्या रांगा.

बाबा मंचाच्या कडेला बसले आणि त्यांनी कात्रीलाही शेजारी बसवून घेतलं. शेपूट मध्ये येत होतं, ते त्यांनी नीट घडी करून मांडीवर ठेवलं.

"एकेकानं विचारा," ते म्हणाले. "आम्ही कुठं जात नाही."