अकरा स्वच्छ पुस्तकं

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे ग्रंथालयाची किल्ली माझ्या हातात आली. नुकतीच मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. आपल्याला जमणार नाही असं जगात काही असतं, हे मानायला मी तयारच नव्हते.

"धूळ पुस, पुस्तकं जागच्या जागी ठेव," आत्या म्हणाली. "जास्त अक्कल चालवू नकोस."

"तू निर्धास्त जा गं. आल्यावर ओळखणारसुद्धा नाहीस!"

तेवढं मात्र मी खरं करून दाखवलं.

आत्या सांभाळते ते आमच्या सेमिनरीचं, पाळक घडवणाऱ्या कॉलेजचं, ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली, सात कपाटं आणि जुन्या दारांची केलेली दोन टेबलं. पुस्तकं आत्याने बारा वर्षं पत्रं लिहून लिहून मिळवलेली. निवृत्त पाळकांची, बंद पडलेल्या कॉलेजांची, बहुतेक सगळी इंग्रजी. विद्यार्थी पोटापाण्याचं काम सांभाळून शिकणारे. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस येतात आणि दिवसभर या खोलीतच मुक्काम ठोकतात, कारण घरी ईश्वरविज्ञानाचं एकही पुस्तक नाही आणि इथलं बाहेर नेता येत नाही. प्रत एकेकच.

तर धूळ पुसताना मला दिसलं, की सगळ्यात जास्त हाताळलेली अकरा पुस्तकं पेन्सिलीने बरबटलेली आहेत. समासात मराठी शब्द, बाण, प्रश्नचिन्हं, दहा-वीस तऱ्हेची अक्षरं. आमच्या शाळेत पुस्तकावर टिंब काढलं तरी बाई फाडून खातात! मी चार खोडरबर आणले आणि लागले कामाला. पानन्‌पान. दंड पैलवानासारखा दुखायला लागला तरी थांबले नाही. ती अक्षरं मी पाहिली होती. वाचली नव्हती.

रविवारी उपासनेत प्राचार्यांनी मला उभं केलं. "कुणी न सांगता या मुलीने पुस्तकं लखलखीत केली!" टाळ्या. त्यांना वाटलं, मी धूळ पुसली. मला वाटलं, त्यांना सगळं कळलं.

सोमवारी विद्यार्थी आले. सगळ्यात आधी ग्रंथालयात शिरली ती शिंपीताई. कपडे शिवते, दोन मुलांची आई. 'कृपा' या विषयात ती मागच्या वेळी नापास झाली होती, आणि दोनदा नापास झालं की नाव कमी, असा नियम. पेपर शनिवारी. तिने कृपेवरचं जाड पुस्तक काढलं, उघडलं, मिटून पाठीवरचा नंबर पाहिला, परत उघडलं.

"बाळ, हे पुस्तक बदललंय का गं?"

"छे! तेच आहे. मी स्वच्छ केलं!"

कापडाचा पोत बघावा तसा तिने बोटांनी समास चाचपला. मग हळूच सांगितलं. ज्याला जो परिच्छेद उलगडला, त्याने त्याचा अर्थ पेन्सिलीने समासात लिहायचा, मागून येणाऱ्यासाठी. ही इथली रीत. आत्यानेच घातलेली.

"मला इंग्रजी अक्षरं लागतात गं, वाक्यं नाही लागत. मी समासच वाचायचे."

माझे कान तापले. तरी तोंड बंद राहील तर शपथ! "त्यात काय, मी सांगते की! माझं इंग्रजी फर्स्ट क्लास आहे."

पहिल्याच परिच्छेदात मी आपटले. "'जस्टिफाय' म्हणजे देव माणसाचं समर्थन करतो," मी ठोकून दिलं.

"समर्थन?" ताई गोंधळली. "चुकलेल्याचं समर्थन कसं करेल देव? 'नीतिमान ठरवतो' असं होतं इथे, या कोपऱ्यात."

मला प्रत्येक शब्द येत होता, अर्थ एकाचाही लागत नव्हता. पाच दुपारी आम्ही दोघी डिक्शनरीवर डोकं आपटत बसलो. पेपरला लागणाऱ्या साठ पानांपैकी एकोणीस झाली.

"कुणाला बोलू नकोस हं," शेवटच्या दुपारी ताईच म्हणाली. "उगाच ओरडतील तुला."

आणि मला किती हायसं वाटलं! ते आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

बुधवारी निकाल लागला. शिंपीताई नापास. मी धावत तिच्या खोलीवर गेले, तर ती पिशवी भरत होती.

"माझ्याच डोक्यात शिरत नाही गं. तुझं काही नाही त्यात."

त्यापेक्षा एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं. मी तिथून थेट प्राचार्यांच्या ऑफिसात गेले.

"सर, ताईंचं नाव कमी करू नका. पुस्तकं मी पुसली."

"हो, कौतुक केलं की तुझं."

"धूळ नाही, सर. समास."

ते उठले. ग्रंथालयात जाऊन त्यांनी एक पुस्तक उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. तिसरं बराच वेळ हातात होतं.

"आत्याला माहीत आहे?"

"नाही."

"शिंपीताईला आणखी एक संधी देऊ. पण का देतोय ते सगळ्यांना सांगायला हवं. त्यांचीही अक्षरं होती यात. मी सांगू की तू?"

वक्तृत्वात पहिल्या आलेल्या माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उपासनेत मी उभी राहिले. समोर चाळीस चेहरे. मागे दाराशी काळा चष्मा लावलेली आत्या, डोळे दाखवून दवाखान्यातून थेट आलेली. "समासातलं लिखाण पुसलं गेलं," असं मी सुरू केलं. मग थांबले, कारण ते आपोआप पुसलं गेलं नव्हतं. "मी पुसलं. अकरा पुस्तकांतलं."

तिसऱ्या रांगेतला गवंडीकाम करणारा दादा उठला. "बायबलातल्या पत्रांवरचं लाल पुस्तक? तेही?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, दादा."

तो खाली बसून आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मग त्याच्या मागचा हात वर झाला. अजून दहा पुस्तकं बाकी होती.