सुरीआधी शब्द

फेलिस्मिनाच्या सुरीला जी धार असायची ती आमच्या स्वयंपाकघरात कुणाच्याच सुरीला नव्हती, माझ्याही नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मी सेवास्ती, डार्विन शहरातल्या या वृद्धाश्रमात बावीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण आहे, आणि कौतुक केलं की माणसं शेफारतात असं माझं ठाम मत आहे.

फेलिस्मिना तिमोरची. तीन वर्षं आमच्याकडे भांडी घासत होती आणि हात मोकळा झाला की सुऱ्यांना धार लावत होती. स्वयंपाकिणीची एक जागा रिकामी झाली, पण त्यासाठी सुऱ्यांची परीक्षा द्यावी लागते, तीही इंग्रजीत. नापास झाली तर सोमवारी दुसरी कुणीतरी येणार आणि ही पुन्हा मोरीवर.

शिकवायचं मीच अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातली आमची रीत एकच, हातात वस्तू आणि तोंडात शब्द. 'स्टोन' म्हणायचं आणि दगड ओला करायचा. 'अँगल' म्हणायचं आणि पातं तिरकं धरायचं. घासता घासता पलीकडच्या बाजूला जी बारीक कड उठते, अंगठ्याला खरखरीत लागते, ती 'बर'. शेवटी 'स्टील' म्हणायचं आणि पोलादी दांड्यावर पातं दोन-चारदा फिरवायचं.

"मोठ्यांदा म्हण! चर्चमध्ये बसलीयस का कुजबुजायला?"

"म्हणते ना, ताई."

"ताई-ताई पुरे. शब्द म्हण."

पंधरा दिवसांत शब्द तिच्या तोंडी बसले. मी खूश होते.

परीक्षेला लॅकलन नावाचा टकलू, शांत गृहस्थ आला. आपला चहा, कागद आणि रेघा मारायची लोखंडी पट्टी घेऊन जेवणघरात बसला. सुऱ्या त्याने पेटीतच ठेवल्या. "आधी तोंडी. नीट सांगितलंत तरच सुरीला हात लावायचा, तसा नियम आहे," तो म्हणाला. "सांगा, बोथट सुरीला धार कशी लावाल?"

फेलिस्मिनाचे रिकामे हात मांडीवर दगड आणि पातं शोधत होते. हातात काही नसताना एक शब्दही मी तिच्याकडून म्हणवून घेतला नव्हता. चूक सगळी माझी, आणि परीक्षेत मला बोलायची बंदी. मी भिंतीपाशी उभी राहून तिच्याकडे डोळे वटारले, जणू त्यामुळे शब्द फुटणार होते.

"वेळ घ्या," लॅकलन म्हणाला.

तिने विचारलं, "भाऊ, चहा संपला?"

त्याने मान डोलावली. तिने त्याचा चिनी मातीचा मग उपडा ठेवला. बुडाची कडा खरखरीत असते, तिच्यावर बोट फिरवून ती म्हणाली, "स्टोन." त्याची लोखंडी पट्टी उचलून मगावर तिरकी टेकवली. "अँगल. एवढाच. जास्त नाही."

"आणि बाजू कधी बदलायची?"

तिने सरळ त्याचा अंगठा धरला आणि पट्टीच्या कडेवरून आडवा, बाहेरच्या बाजूला ओढला. "इथे बर लागली की. नाही लागली तर अजून घासायचं. कंटाळायचं नाही."

लॅकलन हसला, काहीतरी लिहिलं आणि पेटी उघडून एक सुरी आणि ओला दगड तिच्यापुढे ठेवला. "आता खरं करून दाखवा. बोलत बोलत."

तिने सुरी उचलली नाही. माझ्याकडे वळली. तीन वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती.

"ताई, तुम्ही बाहेर जा."

"मी? मी काय केलं?"

"तुमचं तोंड बघितलं की शब्द पळतात."

लॅकलनने मान खाली घालून कागद चाळायला घेतले. त्याचे खांदे हलत होते. मला राग आला, खूप आला. पण गेले बाहेर, दारही लावून घेतलं.

आतून दगडावर पातं घासल्याचा आवाज येऊ लागला आणि त्यावर तिचं इंग्रजी, मोडकंतोडकं पण खणखणीत. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. लॅकलन प्रश्न विचारत होता आणि ती त्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देत होती. मग तिने त्यालाच दटावलं, "असं नाही भाऊ, बोटं मागे घ्या!"

मी दाराला कान लावला नाही. तशी गरजच नव्हती.