तापलो तसा ताठ झालो

मी एक जुना स्फटिक आहे, निकेल आणि अल्युमिनियमचा, तांदळाच्या दाण्याएवढा. आता चपटा आहे. कसा झालो ते ऐका, मित्रांनो, आणि हसायचंच असेल तर कुरामोचीला हसा.

सेंदाईच्या प्रयोगशाळेत तोकिएने मला घडवलं. वितळलेला रस तिने इतका हळूहळू थिजवला, की माझे सगळे अणू एका शिस्तीत बसले, कुठे सांधा म्हणून नाही. मग तो दांडा कापला आणि आम्ही भाऊभाऊ झालो. एकेकाला निरनिराळ्या उष्णतेत दाबून बघायचं, हे तिचं काम. दाबलं की आमचे थर पत्त्यांसारखे घसरतात. पण तापवलं की तेच थर अडकून बसतात आणि आम्ही घट्ट होतो. फारच तापवलं तर मात्र हरतो. म्हणून तोकिएचा आलेख टेकडीसारखा आला. तिची डॉक्टरेट त्याच्यावरच होती.

तिचा वरिष्ठ कुरामोची तो पाहून खो खो हसला. "अगं, तापलेला धातू मऊच पडतो! शेंबडं पोरही सांगेल. तुझी भट्टी खोटं बोलते, नाहीतर तू!" आणि माझ्या दाबलेल्या भावांना त्याने सरळ कचऱ्यात झटकलं. तोकिएचे डोळे भरून आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला सूड हवा होता.

संधी त्यानेच दिली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हाताऱ्या इइजुका सरांना घेऊन आला. "सर, आज सोक्षमोक्ष लावतो. हिचं खोटं ठरलं, तर हिने सामान आवरावं." आणि मला यंत्रात ठेवलं.

गार होतो तेव्हा सहज दबलो. त्याने तापवलं. मी ताठ.

"भट्टी नीट तापली नाही वाटतं," तो पुटपुटला. आणखी तापवलं. मी आणखी ताठ. दाब, मेल्या, दाब! त्याला घाम फुटला. शेवटी हट्टाला पेटून त्याने भट्टी पार वर नेली, आणि मी भुईसपाट झालो.

"झाला की नाही मऊ?" तो ओरडला.

सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दर खेपेला किती जोर लागला ते यंत्राची लेखणी कागदावर काढत होती, तिकडे ते बघत होते. "कुरामोची, ही टेकडी कुणी काढली रे?"

"मी... मीच, सर."

"मग तोकिएची माफी माग."

तो कंबरेत वाकला, आणि सर खोलीबाहेर जाईपर्यंत तसाच राहिला. मी डोळे भरून पाहिलं.

मित्रांनो, हातातल्या वस्तूला हसण्याआधी ती काय सांगते ते ऐकत जा. माझे भाऊ गेले ते गेलेच. तोकिए डॉक्टर झाली, तिने कुरामोचीला माफ केलं, चहासुद्धा पाजला. मी अजून केलेलं नाही.