सोडा म्हणेपर्यंत

असं समजा हं मुलांनो, की तुम्हाला खोकला झालाय आणि तुम्ही इस्पितळातल्या एका अंधूक खोलीत उघड्या अंगाने उभे आहात. छाती समोरच्या थंडगार पाटीला टेकलेली, हनुवटी वर, खांदे पुढे. काचेच्या आडून एक बाई म्हणते, "हलू नका. मोठा श्वास घ्या. धरा." तुम्ही धरता. ती ‘सोडा’ म्हणाली की सोडायचा. बघा जरा धरून.

त्या दिवशी एक आजोबा असेच उभे होते, आणि बाई ‘सोडा’ म्हणायलाच विसरली.

तिला सगळे फोटोबाई म्हणत, कारण हाडांचे आणि छातीचे फोटो काढणं हे तिचं काम. दिवसभर ती लोकांना हलू नका म्हणून बजावायची आणि तिला स्वतःला मात्र एका जागी चैन पडायची नाही. आजोबांचा फोटो तिने नीट काढला. पण बटण दाबून होताच तिची नजर कोपऱ्यातल्या पिशवीकडे गेली. पिशवीत सकाळीच घेतलेली रंगांची पेटी होती. निळ्या वडीवर ओला कुंचला फिरवला तर रंग कसा पसरेल, या विचारात तिने झाकण उघडलं आणि बघत राहिली. भानावर आली ती धापेच्या आवाजाने. आजोबा लालबुंद होऊन पाटीला धरून उभे होते.

"अहो आजोबा, सोडायचा ना श्वास."

"तुम्ही म्हणाला नाहीत," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमचं काहीतरी चाललंय अजून. म्हणून थांबलो."

रागावले असते तरी चाललं असतं. त्यांनी फक्त सदरा मागितला, उलटा घातला, पुन्हा सुलटा केला आणि निघून गेले. बाईला मात्र घरी पोहोचेपर्यंत तो ‘थांबलो’ टोचत राहिला.

तिच्या घरचा माळा म्हणजे तिच्या हौशींचं गोदाम. तिथे एक बासरी होती, जिच्यातून नुसती फुंकर यायची. एका बाहीचा स्वेटर होता. भांडी करायला आणलेली माती वाळून दगड झाली होती. नवं काही हातात आलं की बाई तहानभूक विसरायची, लेकीलाही ओढून बसवायची, आणि मग एके दिवशी मन भुर्रकन उडून जायचं. नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, माळ्याला आता खालून जॅक लावावा लागणार.

पण लेकीचं तसं नव्हतं. तिला मुंगी म्हणत, कारण एकदा वाटेला लागली की ती वाट सोडायची नाही. तिला गोडी लागायला वेळ लागे, आणि ती लागते न लागते तोवर आई दुसरीकडे गेलेली असे. शेवटचं होतं बुद्धिबळ. घोड्याची अडीच घरं आईनेच शिकवली होती. एका संध्याकाळी डाव रंगात असताना आई ‘आलेच हं’ म्हणून उठली, ती पुन्हा बसलीच नाही. पट तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर तसाच मांडलेला होता. तिघं त्याच्या कडेला ताटं लावून जेवत. लढाई बघत जेवतोय आपण, असं बाबा म्हणे, पण धूळ पुसताना एकही मोहरा हलू देत नसे.

बाई घरात आली तेव्हा मुंगी काळ्या मोहऱ्यांमागे बसली होती. तिने पिशवीतून डोकावणारी पेटी पाहिली.

"आई, खेळी तुझी आहे."

"हो गं, आले..."

"आलेच म्हणू नकोस. येणार नसशील तर तसं सांग. मग मी थांबणार नाही."

बाई चपला न काढताच खुर्चीत बसली. आज खेळायचंच. तिने पटावर नजर रोवली. हत्ती अडकलेला, वजीर मागे, घोडा... स्वयंपाकघरात नळ टपकत होता. ती घोड्याकडे बघत राहिली. टप. घोड्यावर तिने बोट ठेवलं. टप. पडणारा थेंब रंगवायचा म्हटलं तर त्याला रंग तरी कुठला द्यायचा?

नळाची चावी हातात आली तेव्हा तिला कळलं, आपण उठून आलोय.

मागे वळायचा तिला धीर होईना. बाहेरून हाक नाही, कुरकुर नाही. लेक थांबली होती.

"मुंगे," ती पाठमोरीच म्हणाली. "तू खेळ. माझ्यासाठी थांबू नकोस."

 बाहेर खुर्ची सरकली. बाई दाराशी येऊन, श्वास धरून बघू लागली.

मुंगी टेबलाला वळसा घालून आईच्या खुर्चीत बसली होती. पाय लोंबकळत होते. पांढऱ्या बाजूने तिने पट खूप वेळ न्याहाळला, मग आईचा घोडा उचलून अडीच घरं पुढे ठेवला.

"शह," ती हळूच आपल्याच राजाला म्हणाली. उठली, खुर्ची नीट आत सरकवली, पुन्हा काळ्या मोहऱ्यांमागे येऊन बसली आणि हातावर हनुवटी टेकून विचार करू लागली.