नेल्डाच्या हातात बसेल असं पिस्तूल

नेल्डा क्रॅबट्रीला पिस्तूल घ्यायचं नव्हतं. तिला नवऱ्याच्या कमरेचं पिस्तूल उतरवायचं होतं, आणि त्यासाठी स्वतः एक विकत घेण्याखेरीज दुसरा मार्ग तिला सुचला नव्हता. आर्कान्सातल्या त्या डोंगराळ तालुक्यात हा विचार कुणाला उफराटा वाटला नसता. तिथे घरातलं एक शस्त्र कमी करायचं म्हटलं तरी सुरुवात दुकानापासूनच होते.

नवरा, व्हर्लन, सत्तरी ओलांडलेला. त्याची नोकरीची वर्षं गेली शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात आणि सुट्टीचे दिवस गेले पोराटोरांना शिकारीचे नियम शिकवण्यात. हरणामागे जाणाऱ्या निम्म्या तालुक्यानं बंदुकीचं तोंड भलतीकडे धरल्याबद्दल कधी ना कधी त्याची बोलणी खाल्ली होती. असा माणूस हल्ली दूध कपाटात ठेवायचा आणि साखर फ्रीजमध्ये. मुलीला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा, आणि मुलगीही ओ द्यायला शिकली होती. हे सगळं नेल्डानं गिळलं. पण वसंतात कॅटफिश माशाच्या हॉटेलात जे झालं, ते घशाखाली उतरेना.

हे दुखणं त्या मुलखाचंच म्हणायचं. शौचालयात बसण्यापूर्वी पट्टा सैल करावा लागतो, पट्ट्याबरोबर पिस्तूल फरशीकडे लोंबायला लागतं, म्हणून माणूस ते काढून कागदाच्या रिळाच्या डब्यावर ठेवतो. आणि उठताना उचलतो. व्हर्लननं उचललं नाही. मालकाची मुलगी संध्याकाळी ते रुमालात गुंडाळून, उरलेल्या माशाच्या डब्यासोबत घरी देऊन गेली. लोक छत्री परत करतात तशी ती वागली, आणि नेल्डानंही छत्री परत मिळाल्यासारखे आभार मानले. पण तो डबा फ्रीजमध्ये ठेवताना तिच्या डोक्यात एकच होतं: त्या शौचालयात लहान मुलंही जातात.

त्यात चर्चची भर पडली. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून दारावर नजर ठेवणाऱ्या पुरुषांची एक समिती आहे. सगळे कमरेला पिस्तूल लावून देवाचं ऐकतात. व्हर्लन त्यांतला सगळ्यात जुना. एका रविवारी पाद्रीबुवांनी नेल्डाला बाजूला घेतलं आणि हॅटच्या कडेवरून बोट फिरवत सांगितलं, की व्हर्लनला आता विश्रांती द्यावी असं समितीचं मत पडलंय, तेवढं तुम्हीच त्याच्या कानावर घाला. तालुक्याचं रक्षण करायला निघालेल्या सशस्त्र पुरुषांत एका म्हाताऱ्याशी बोलण्याची छाती कुणाची नव्हती. नेल्डाची तरी कुठे होती? व्हर्लनकडून ट्रकची किल्ली मागितली असती तर त्यानं दिली असती. पण ते पिस्तूल त्याच्या कमरेवर लग्नाच्या अंगठीइतकंच जुनं होतं, आणि अंगठी तो आंघोळीच्या वेळी काढायचा.

म्हणून बेत असा, की आपल्याला पिस्तूल हवंय म्हणायचं. रोज जवळ बाळगता येईल असं, लहानसं, खिशाला परवडणारं. छपराचं काम निघालेलं, तेव्हा नव्यासाठी जुनं बदल्यात द्यावं लागेल असं आडून आडून सुचवायचं. पुढचं देवाच्या हवाली.

व्हर्लन इतका खूश झाला की तिला वाईट वाटलं. लग्न झाल्यापासून तो मागे लागला होता आणि ती नाही म्हणत आली होती. शनिवारी सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. तिला मागणी घालायला आला होता तेव्हाही इतका नटला नव्हता.

हॉयटच्या दुकानात पुढच्या भागात पिस्तुलं मिळतात आणि मागच्या भागात गळाला लावायची गांडुळं. मधे कॉफीचं भांडं. ती कॉफी फुकट असते, आणि ती का फुकट आहे हे पहिल्या घोटात कळतं. हॉयट हा व्हर्लनचाच चेला, आता पन्नाशीचा, पण गुरुजी दारात दिसले की आजही पाठ ताठ करतो.

"नेल्डाबाई, तुमच्यासाठी माझ्याकडे अगदी गोड चीज आहे," म्हणून त्यानं काचेखालून तळहातावर मावेल असं एक पिस्तूल काढलं. गुलाबी. शेजारी आणखी एक ठेवलं, मोरपंखी. त्या तालुक्यात बाईमाणसाला पिस्तूल दाखवायचं म्हणजे सगळ्यात लहान दाखवायचं, हा रिवाज आहे. बूट घेतानाही असंच करत असते तर सगळ्या बायका लंगडत फिरल्या असत्या.

व्हर्लननं गुलाबीकडे पाहिलं, मग हॉयटकडे पाहिलं. हॉयटची पाठ आणखी ताठ झाली.

"हे काय आहे रे? साबण?"

"बायका हेच नेतात, सर."

"नेतात. आणि एकदा उडवून झालं की मोज्यांच्या खणात टाकतात. मी शिकवलेलं सगळं गांडुळांना चारलंस की काय?"

मग तो बोलत राहिला, आणि नेल्डा ऐकत राहिली. पिस्तूल जितकं हलकं तितका हाताला हिसका मोठा. जितकं लहान तितकी आतली स्प्रिंग ताठ, म्हणजे वरची स्लाइड मागे ओढायला जोर जास्त. खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर दिसायला साधं, पण चाप इतका जड की ओढता ओढता नेम खाली घसरतो. बाईचा हात लहान म्हणून पिस्तूल लहान, हा हिशेब दुकानदाराचा. हाताला धरायला जागा हवी, करंगळी हवेत लोंबता कामा नये. सकाळी नाश्त्याला काय खाल्लं हे ज्याला सांगता आलं नसतं, तो माणूस एकदाही न अडखळता हे सांगत होता. एक शब्द शोधावा लागला नाही. नेल्डाला वाटलं, असू दे की त्याच्या कमरेला. मग तिला रिळाचा डबा आठवला.

शेवटी त्यानं मधल्या फळीवरचं एक काळं, अजिबात गोड नसलेलं पिस्तूल मागितलं. नावाजलेल्या कंपनीचं नव्हतं, म्हणून आवाक्यातलं होतं. हॉयटनं गोळ्यांचं मॅगझिन काढलं, स्लाइड मागे अडकवली, गोळी बसते ते चेंबर रिकामं आहे हे दाखवलं आणि व्हर्लनच्या हाती दिलं. व्हर्लननं ते पुन्हा तपासलं, जणू हॉयट खोटं बोलला असावा. मग नेल्डाला दिलं, आणि तिनंही तपासावं म्हणून थांबला. तिकडे ही पद्धतच आहे. एकाच रिकाम्या पिस्तुलात तीन माणसं ओळीनं डोकावतात, आणि कुणाला अपमान वाटत नाही.

स्लाइड नेल्डाला ओढवेना. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात होता, कळ थेट कोपरापर्यंत गेली. तिनं चेहरा हलू दिला नाही. पण व्हर्लनला कळलं. घरातल्या सगळ्या बरण्या तोच उघडून ठेवायचा, झाकण नुसतं टेकवून, म्हणजे तिला मागावं लागू नये. साखरेची बरणी फ्रीजमध्ये सापडायची, पण झाकण सैल केलेलं असायचं.

"चिमटीनं नको," तो मागे येऊन उभा राहिला. "अख्खा पंजा वरून टाक. असा. आता हा हात ओढायचाच नाही, नुसता घट्ट धरायचा. दुसऱ्या हातानं पिस्तूल पुढे ढकल. दार लोटतेस तसं."

तिनं लोटलं. स्लाइड सुरळीत मागे गेली. त्याचा हात तिच्या हातावर होता तो त्यानं लगेच काढला नाही. हॉयटनं गुलाबी पिस्तूल पुसायला घेतलं, जे स्वच्छच होतं.

"हे," व्हर्लन म्हणाला.

आता तिची पाळी होती. छपराचा विषय काढायचा, मग बदल्याचा. तिनं घसा साफ केला. पण व्हर्लनचा हात आधीच कमरेकडे गेला होता.

"माझं घे बदल्यात," तो हॉयटला म्हणाला. "आणि एक पोलादी पेटीही दे, किल्लीची."

पिस्तूल बाहेर येत होतं, आणि त्या क्षणी नेल्डाला फक्त त्याचं तोंड कुणीकडे आहे एवढंच दिसत होतं. ते जमिनीकडे होतं. त्यानं मॅगझिन काढून काचेवर ठेवलं. स्लाइड मागे ओढली. हॉयट डोकावला. मग त्यानं मॅगझिन उचलून पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

"सर, यात गोळ्याच नाहीत."

"नाहीतच."

"घरी राहिल्या?"

"कॅटफिशच्या दिवसापासून नाहीत," व्हर्लन म्हणाला.

हॉयटला अचानक गांडुळांची काळजी वाटली आणि तो मागच्या भागात निघून गेला. दुकानात कॉफीचं भांडं तेवढं उकळत राहिलं. म्हणजे उन्हाळाभर मागच्या बाकावरून चर्चचं रक्षण रिकाम्या पिस्तुलानं झालं होतं, आणि देवाच्या कृपेनं कुणाला फरक जाणवला नव्हता.

"मला सांगितलं का नाहीस?" नेल्डानं विचारलं.

"घाबरली असतीस."

"घाबरलेलीच होते मी."

"ते पिस्तुलाला. हे सांगितलं असतं तर मला काय होतंय त्याला घाबरली असतीस." तो मॅगझिन बोटांत फिरवत होता. "आणि पट्टा मोकळा दिसला असता तर एकेकानं विचारलं असतं. काय सांगणार होतो?"

ज्याची भीती उराशी धरून नेल्डा एवढे महिने त्याच्या शेजारी झोपली, ते पहिल्याच दिवशी संपलं होतं, त्याच्या हातानं. आणि तो ते ओझं नुसतंच वागवत राहिला होता, दिसायला बरं दिसावं म्हणून.

"तुला पिस्तूल नकोच होतं ना?" त्यानं विचारलं.

"नव्हतं हवं."

"मला वाटलंच. तू 'खिशाला परवडणारं' म्हणालीस. खरंच हवी असलेली वस्तू घेताना तू किंमत कधी सांगत नाहीस."

ती रुमालात हसली आणि त्याच रुमालानं डोळे पुसले.

"राहू दे मग," तो म्हणाला. "नको घेऊस."

नेल्डानं काळं पिस्तूल पुन्हा हातात घेतलं. ते गोड नव्हतंच, पण करंगळीला जागा होती. घर रस्त्यापासून आत होतं, फाट्यावरून पोलिसांची गाडी यायला कॉफी थंड होण्याइतका वेळ लागायचा. त्याला घरात स्वस्थ झोप यायची असेल तर दोघांपैकी एकाला ते सांभाळावं लागणार होतं.

"आता हवंय," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग पोलादी पेटी पुढे सरकवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "किल्ली कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी. चिडलो तरी."

"चिडशील?"

"चिडेन बहुतेक. तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवतो, माफ कर."

हॉयट परत आला तेव्हा त्याचेही डोळे लाल होते. त्यानं ते गांडुळांच्या मातीवर ढकललं.

दुपारी दोघं नाक्यावरच्या बार्बेक्यूवाल्याकडे जेवायला गेली. त्या मुलखात हॉटेलात बसण्याचाही नियम आहे: ज्याच्या जवळ पिस्तूल, तो दाराकडे तोंड करून बसतो. त्यामुळे लग्नानंतरचं बाहेरचं प्रत्येक जेवण नेल्डानं भिंतीकडे बघत जेवलेलं. कोणत्या हॉटेलात कोणतं कॅलेंडर आहे हे तिला पाठ होतं, आत कोण येतं हे मात्र व्हर्लननं सांगितल्यावर कळायचं.

व्हर्लन टेबलापाशी आला, क्षणभर थांबला आणि वळसा घालून भिंतीकडे तोंड करून बसला.

नेल्डा त्याच्या जागेवर बसली. दार समोर होतं. पाद्रीबुवा सहकुटुंब आले, बँकेतली बाई आली, कुणाची तरी ओल्या केसांची पोरं आली. इतकी माणसं रोज आत येतात हे तिला माहीतच नव्हतं. ती एकेकाची खबर व्हर्लनला द्यायला लागली. थोड्या वेळानं लक्षात आलं की तो ऐकत नाहीये. आजवर जेवताना त्याची नजर कायम तिच्या खांद्यावरून दाराकडे असायची. आता त्याच्यासमोर दार नव्हतं, तीच होती, आणि तो बघत होता.

"तू लोणचं आधी खातेस?" त्यानं विचारलं. "मांसाच्या आधी?"

"हो."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

व्हर्लननं यावर बराच विचार केला. मग आपल्या ताटातलं लोणचं काट्यानं उचललं, तिच्या ताटात ठेवलं आणि पुढे काय होतं ते बघत बसला.