मामलेदारीण मुक्कामाला येईना

मी कूलर बोलतोय. दचकू नका, आता माझ्यात ना पंखा आहे ना पाणी. हर्सूलच्या एका गल्लीत, काकासाहेबांच्या अंगणात मी खुराडं म्हणून राहतो. माझ्या पोटात चार कोंबड्या झोपतात. त्या तिथं झोपायला कशा लागल्या, एवढंच सांगायचंय.

माझा जन्म जळगाव रोडवर कृष्णा वेल्डरच्या दुकानात झाला. पत्रा जाड, पाय लोखंडी आणि आवाज असा, की काकासाहेबांनी मला तिथल्या तिथं पसंत केलं. काकासाहेब एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फुलंब्रीच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची सारी उमर गेली. आपल्यापेक्षा मोठ्या आवाजाचं घरात कुणीतरी असावं, असं त्यांना वाटलं असणार.

सोळा उन्हाळे मी त्या घराला गार ठेवलं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई माझ्या पोटात बादल्या ओतायच्या आणि "पितो तरी किती मेला!" म्हणून मला शिव्या द्यायच्या. माझ्यासमोर सतरंजी टाकायची आणि मधल्या जागेवरून भांडायचं, हा त्या घरचा नेम होता. मग त्यांचा मुलगा इंद्रजीत नाशिकला नोकरीला लागला आणि त्यानं आईवडिलांसाठी एसी पाठवला. एसीला आवाजच नाही. ज्याला आवाज नाही तो काम करतोय याचा पुरावा काय? पण मला कोण विचारतं. मला गच्चीवर नेऊन ठेवलं. पाच वर्षं माझ्या पोटात रंगाचे रिकामे डबे, एक मोडका मिक्सर आणि कुणाचा तरी एकच बूट राहत होता.

गेल्या दिवाळीनंतर मला खाली आणलं ते भागूबाईंमुळं. भागूबाई म्हणजे मनकर्णाबाईंची थोरली बहीण. राहायला देवगाव रंगारीला, एकटी. गुडघे गेले, तेव्हा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. शेळी शेजारणीला दिली, भांडी भाचीला. राहिल्या चार कोंबड्या. पुतण्या म्हणाला, "मी सांभाळतो की." पण म्हणताना तो कोंबड्यांकडं अशा नजरेनं बघत होता, की भागूबाईंनी टोपली उचलून थेट मनकर्णाबाईंच्या हातात दिली.

"मनू, दिवेलागणीला खुराड्यात गेल्या पायजेत. मुंगसाचा नेम नाय. आन् नाय जमलं तर सरळ सांग, मग पुतण्याच हाय नशिबी."

"जमंल अक्का, न जमायला काय झालं?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी दोन दिवसांत माझा पंखा काढला, मोटार काढली, पंख्याच्या भोकावर जाळी ठोकली. बाजूची एक गवताची जाळी काढून तिथं फळ्यांचं दार केलं. आत बसायला नळाचा एक उरलेला पाइप आडवा टाकला, खाली भुसा पसरला. मला अंगणात फाटकाकडं तोंड करून उभं केलं. खोटं कशाला सांगू, मी हरखलो होतो. पुन्हा कुणीतरी माझ्या जिवावर झोपणार होतं.

पहिल्या संध्याकाळी चौघी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढं मामलेदारीण. काळी, जाडजूड, मान अशी ताठ की जणू तालुक्याच्या तपासणीलाच आलीय. तिनं मान वाकडी करून एका डोळ्यानं मला बघितलं. मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. आणि पाठ फिरवून कुंपणावरून सरळ शेजारी गेली. बाकीच्या तिघी मागोमाग.

शेजारी अभय राहतो. बँकेत अधिकारी, घरात अंड्याचं टरफलसुद्धा न आलेलं. त्याच्या पोर्चमध्ये त्याची स्कूटर असते. मामलेदारीण सीटवर बसली, दुसरी पाय ठेवायच्या जागेत आणि उरलेल्या दोघी हँडलला एकेक. निघाल्या जणू चौघी कुठंतरी लग्नाला.

दोन दिवसांनी सकाळी अभय कुंपणाशी आला. "काका, राग मानू नका, पण काल बँकेत मॅनेजरनं विचारलं, पँटीला काय लागलंय."

"आजपासून बंद, अभयराव. आज शिस्त लावतो," काकासाहेब म्हणाले.

शिस्त म्हणजे शिट्टी. पावणेसहाला काकासाहेब अंगणाच्या मधोमध उभे राहिले, शिट्टी फुंकली आणि स्टँडवरच्या आवाजात पुकारा केला, "देवगाव रंगारीहून आलेल्या कोंबड्यांनी कृपया खुराड्यात बसून घ्यावं. खुराडं सुटण्याच्या तयारीत आहे!"

एक पपईवर गेली, एक नळाच्या टाकीमागं. मामलेदारीण काकासाहेबांच्या पायातून पळाली आणि ते बसले जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजरीच्या दाण्यांची वाट केली, थेट माझ्या पोटापर्यंत. चौघी टिपत टिपत आत आल्या, शेवटचा दाणा टिपला आणि शिस्तीत बाहेर गेल्या. भोजन मान्य, मुक्काम नामंजूर. तिसऱ्या दिवशी एकेकीला धरून आत कोंबायचा प्रयोग झाला. दोघं नवरा-बायको आणि चार कोंबड्या, हिशेब जुळेना. एकीला कोंबायला दार उघडलं की आतली बाहेर. शेवटी दार लागलं तेव्हा आत एकही कोंबडी नव्हती, काकासाहेबांचा चष्मा तेवढा होता.

आणि रोज त्याच वेळेला पुण्याहून फोन यायचा.

"झोपल्या का गं मह्या पोरी?"

"कव्हाच झोपल्या अक्का. एका रांगेत. लई गुणाच्या."

एवढ्यात पलीकडून अभय ओरडायचा, "काकू! हँडलवरची खाली उतरत नाहीये!"

"कोण वरडतंय?"

"टीव्ही हाय अक्का."

फोन ठेवला की मनकर्णाबाई पदरानं तोंड पुसत माझ्या कडेला बसायच्या. त्या काकासाहेबांना म्हणाल्या, "जन्मात अक्काशी खोटं बोलले नव्हते हो. आईच्या जागी हाय ती मला." काकासाहेब माझ्या दारावर हात फिरवत राहिले. मला वाटलं मी फाटून जावं. दोष माझाच असणार. बाईला बसायला जागा दिली आणि ती बसत नाही, म्हणजे जागेतच काहीतरी खोट.

सहाव्या दिवशी मुंगूस आलं.

ऊन नुकतंच उतरलं होतं. पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवरून ते सरपटत आलं आणि सरळ अभयच्या पोर्चमध्ये घुसलं. मला दिसत होतं, पण माझ्यात आता मोटार नाही, घरघर करून कुणाला उठवू? मामलेदारीण किंचाळली. अभय नुकताच बँकेतून येत होता, डोक्यात हेल्मेट तसंच. त्यानं हातातला जेवणाचा डबा फेकून मारला आणि मधे उडी घेतली. मुंगूस पळालं. त्याच्या तोंडात शेपटीची चार पिसं तेवढी गेली. काकासाहेब आणि मनकर्णाबाई धावत गेले तेव्हा अभय हेल्मेट घालून उभा होता आणि मामलेदारीण त्याच्या काखेत.

"काकू, हिचं काळीज बघा केवढं धडधडतंय," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी फोन आला, तेव्हा मनकर्णाबाईंनी सगळं सांगून टाकलं. "अक्का, एक दिवसबी झोपल्या नाय त्या खुराड्यात. खोटं बोलले मी. दे पुतण्याला दे, नायतर काय करायचं ते कर."

मग भागूबाई हळूच म्हणाल्या, "मलाबी झोप नाय गं इथं. अकरावा मजला. खिडकीत रातभर उजेड. पोरगं इचारतं, झोपलीस का आई, मी म्हणते व्हय." आणि थोड्या वेळानं, "उद्या येते मी."

आल्या. काठी टेकत थेट माझ्यापाशी. बसायला खुर्ची दिली, चहा दिला, पण चहा तसाच ठेवून त्यांनी आधी माझ्या पोटात हात घातला. त्या हाताला मी कोंबडीपेक्षा जास्त घाबरलो.

"पाव्हणं, हा पाइप कशाचा?"

"नळाचा आहे अक्का. मजबूत आहे," काकासाहेब म्हणाले.

"मजबूत हाय, पन गारढोण आन् गुळगुळीत. तुम्ही बसता का रात्रभर असल्यावर?"

मग दिवेलागण झाली. फाटकासमोर महिन्याभरापूर्वीच नवा खांब आलाय, त्याचा पांढरा दिवा लागला आणि झोत सरळ माझ्या जाळीतून आत. भागूबाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग पोर्चकडं. तिथं कडुनिंबाची सावली पडून काळोख झाला होता, आणि काळोखात स्कूटर.

"अरे देवा," त्या हसल्या. "इथं रातच होत नाय, तर झोपतील कशा? जिथं रात हाय तिथं गेल्या बिचाऱ्या!"

दुसऱ्या दिवशी माझं तोंड भिंतीकडं फिरवलं. पाइप काढून कडुनिंबाची सालीसकट फांदी बसवली. जाळीवर बारदान सोडलं. रात्री झोपेतल्या कोंबड्यांना स्कूटरवरून अलगद उचलून आत ठेवलं आणि भागूबाईंनी तीन दिवस दार उघडू दिलं नाही, दाणापाणी आतच. "घर कोणतं ते पायाला कळू द्या," म्हणाल्या. तीन दिवस मी नखांचे ओरखडे सोसले. मामलेदारणीनं माझ्या प्रत्येक खिळ्याला चोच मारून पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी, जिथं पूर्वी मोटार होती त्या कोपऱ्यात काहीतरी ऊबदार लागलं. अंडं! मी सोळा वर्षं फक्त गारवा दिलेला प्राणी. मला काय करावं सुचेना.

त्याच दिवशी दार उघडलं. दिवसभर चौघी अंगणात उकरत फिरल्या. संध्याकाळी सगळे माझ्यासमोर जमले. भागूबाई खुर्चीत, मांडीवर बाजरीची वाटी. मनकर्णाबाई पायरीवर. अभय कुंपणापलीकडं, स्कूटरला नवंकोरं कव्हर घालून. काकासाहेबांना फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते काम त्यांना सगळ्यांत जड चाललं होतं. त्यांनी स्वतःच्याच हातानं तोंड धरलं होतं.

"या बायांनो," भागूबाई एवढंच म्हणाल्या.

मामलेदारीण कुंपणापर्यंत गेली. एका डोळ्यानं तिनं कव्हर घातलेली स्कूटर बघितली. अभयनं श्वास रोखला. मग ती वळली, अंगण ओलांडून आली, माझ्या उंबऱ्यावर थांबली, अंग झटकलं आणि आत येऊन फांदीवर बसली. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. चौथी जरा रेंगाळली, एक किडा खाल्ला आणि आली. आत चौघींनी एकमेकींना ढकलत जागा करून घेतली; मधल्या जागेवरून थोडं भांडणही झालं.

काकासाहेबांनी हात काढला, छाती भरून घेतली. पुकारा बाहेर पडणार, तेवढ्यात मनकर्णाबाईंनी त्यांचा सदरा ओढला.

"गप बसा हो," त्या कुजबुजल्या. "अक्का झोपली."

खरंच. वाटी मांडीवर तशीच, मान एका बाजूला कललेली, आणि भागूबाई घोरत होत्या. अभयनं कुंपणावरून चादर दिली. मनकर्णाबाईंनी ती पांघरली आणि मग माझं दार असं लावलं, की मला माझ्या कडीचा आवाज ऐकू आला नाही.

भागूबाई दोन दिवसांसाठी आल्या होत्या, तीन आठवडे झाले, अजून इथंच आहेत. पुण्याचा मुलगा फोन करतो, त्या म्हणतात, "येते रे, कोंबड्या रुळू दे." कोंबड्या कधीच्या रुळल्यात. मी कुणाला सांगत नाही.

माझा एक पाय गंजलाय, तळाला भोक पडलंय, अंगाला येणाऱ्या वासाबद्दल न बोललेलं बरं. पण मी सुखात आहे. तुमच्याकडं एकच मागणं. संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या गल्लीतून गाडीनं गेलात, तर हॉर्न वाजवू नका. अंगणात पाच जणी झोपलेल्या असतात. चार माझ्या पोटात आणि एक शेजारी खुर्चीत.